कांद्यावरची काळी पूड आणि म्युकरमायकोसिस

2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत एक मेसेज घरोघरी पोचला: कांद्याच्या सालीवरची काळी पूड आणि फ्रिजच्या रबरावरचा काळा थर म्हणजेच ‘काळी बुरशी’, म्हणजे म्युकरमायकोसिस हा जीवघेणा आजार देणारी बुरशी. हा समज अजून गेलेला नाही, आणि तो चुकीचा आहे. कांद्यावर बहुधा ॲस्परजिलस नायजर ही वेगळीच बुरशी असते. पूड धुऊन, सडका भाग टाकून कांदा खुशाल चिरा.

म्युकरमायकोसिस बहुतेकदा ऱ्हायझोपस गटातल्या बुरशांमुळे होतो. त्यांचे बीजाणू, म्हणजे बियांसारखे सूक्ष्म कण, मातीत, कुजक्या पाल्यात, हवेत असतातच. आपण ते श्वासावाटे घेतोही. मग सगळेच आजारी का पडत नाहीत?

खरी गंमत इथे आहे. फुप्फुसातल्या भक्षक पेशी बीजाणू गिळतात, पण बीजाणूच्या पृष्ठभागावरचं मेलॅनिन हे रंगद्रव्य पेशीची पचनक्रियाच अडवतं. बीजाणू मरत नाही. मात्र पेशी त्याला लोह मिळू देत नाही, म्हणून तो रुजतही नाही. दोघंही अडून बसलेले!

अनियंत्रित मधुमेहात रक्त आम्लधर्मी झालं की प्रथिनांनी धरलेलं लोह सुटतं. वाढलेल्या साखरेने पांढऱ्या पेशी मंदावतात. त्यात स्टेरॉइड शरीराचा दाहक प्रतिसादच, म्हणजे जंतूंशी लढण्याची प्रतिक्रियाच, दाबतात. कोरोनाच्या गंभीर रुग्णांना ती लागतच होती. घातक ठरला तो सल्ल्याविना, जास्त मात्रेतला वापर. मग बीजाणूला तंतू फुटतात, ते रक्तवाहिन्यांत शिरतात, रक्त गोठतं आणि ऊती मरून काळ्या पडतात. मधुमेह्याच्या चेहऱ्याची एक बाजू सुजली, बधिर झाली किंवा नाकातून काळपट स्राव आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.