सांधा दिसता कामा नये

राजहंसगडाच्या तटावरून एका बाजूला येळ्ळूरची भातखाचरं दिसतात, मान वळवली की बेळगाव शहर. गल्लीतल्या वाचनालयाच्या भिंतीसाठी हे दृश्य १२ फूट लांब छापायचं ठरलं, तेव्हा पहिला प्रश्न आला : एकच फोटो काढून मोठा करायला काय झालं?

हिशेब सोपा आहे. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ६,००० ठिपके. तो १२ फुटांवर ताणला तर इंचाला जेमतेम ४२ ठिपके उरतात. चौकातल्या फ्लेक्सला ते चालतं, तिथं बघणारा गाडीवरून जात असतो. वाचनालयात मात्र लोक भिंतीला नाक लावून आपलं घर शोधणार. तेच कॅमेरा उभा धरून आठ फोटो काढले आणि शेजारच्या दोन फोटोंत साधारण ३० टक्के भाग सामायिक ठेवला, तर जोडलेलं चित्र सुमारे २३,००० ठिपक्यांचं होतं. इंचाला १६०च्या आसपास. म्हणजे जोडकामाचं खरं कारण बारकावा. ही गरज संगणकापेक्षा फार जुनी आहे.

अशा लांबरुंद दृश्यासाठीचा ‘पॅनोरामा’ हा शब्द मुळात चित्रकारांकडून आला. रॉबर्ट बार्करने १७८७मध्ये गोलाकार चित्राचं पेटंट घेतलं आणि १७९३मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी गोल इमारतच उघडली. फोटोग्राफी आल्यावर १८४८मध्ये फाँटेन आणि पोर्टर यांनी अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराचा नदीकाठ आठ डॅगेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या, पत्र्यांवर टिपला. त्यातल्या मनोऱ्याच्या घड्याळातली वेळ सूक्ष्मदर्शकाखाली आजही वाचता येते! आपल्याकडे छायाचित्रकार फेलिचे बियातोने १८५८मध्ये लखनौचे पॅनोरामा असेच तुकड्या-तुकड्यांनी घेतले. तेव्हाची रूढ रीत अशी : रसायन फासलेली ओली काच कॅमेऱ्यात लावायची, वाळायच्या आत फोटो घ्यायचा, लगेच धुवायची, की पुढची काच. तोवर ऊन सरकलेलं असायचं.

शिवाय छपाई बहुतेक काचेला कागद टेकवून व्हायची. जेवढी काच तेवढाच फोटो. म्हणून मोठा फोटो हवा तर काचा वाढवा, नाहीतर काचच अवाढव्य करा. सोन्याच्या खाणीवर श्रीमंत झालेल्या होल्टरमनने दोन्ही केलं. १८७५मध्ये सिडनीत घराच्या मनोऱ्यावरून चार्ल्स बेलिसकडून त्याने शहर टिपून घेतलं. २३ काचांचा तो पॅनोरामा सुमारे १० मीटर लांब भरतो. त्याखेरीज वेगळ्या काढलेल्या सर्वांत मोठ्या काचा सुमारे ५ फूट बाय ३ फुटांच्या होत्या. हौसेला मोल नसतं ते असं. पण या सगळ्यांत सांधे उघडे असायचे, आणि बघणारा ते गृहीत धरायचा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या सर्कट कॅमेऱ्याने सांध्याचा प्रश्नच टाळला : कॅमेरा स्वतः फिरायचा आणि आत फिल्म सरकायची. शाळांचे लांबलचक फोटो त्याचेच. एखादं वांड पोर मागून पळत जाऊन दुसऱ्या टोकाला पुन्हा उभं राहायचं.

सांधा खऱ्या अर्थाने लपवला तो गणिताने. बर्ट आणि ॲडेलसन या संशोधकांनी १९८३मध्ये दाखवलं की आभाळासारख्या मोठ्या छटा रुंद पट्ट्यात आणि बारीक रेघा अरुंद पट्ट्यात मिसळल्या तर जोड कळत नाही. इरकल लुगड्यात अंगाचा आणि पदराचा ताणा वेगळा असतो, तो फास घालून जोडतात. जोड कुठं आहे ते विणणाऱ्यालाच ठाऊक. हेल्मुट डेर्शची ‘पॅनोरामा टूल्स’ ही फोटो जोडायची संगणक प्रणाली १९९८मध्ये आली, पण दोन फोटोंतल्या सारख्या खुणा बऱ्याचदा हाताने दाखवाव्या लागत. डेव्हिड लोव यांच्या ‘सिफ्ट’ या गणिती पद्धतीने १९९९मध्ये त्या खुणा यंत्राला ओळखायला शिकवल्या, आणि २००३मध्ये ब्राउन आणि लोव यांनी त्यावरून फोटो आपोआप जोडून दाखवले. त्याच वर्षी मॅक्स लायन्सने १९६ फोटो जोडून अमेरिकेतल्या ब्राइस कॅन्यनचं अब्जाहून अधिक ठिपक्यांचं चित्र केलं.

एक गोष्ट मात्र गणिताने सुटत नाही. कॅमेरा स्वतःभोवती फिरला आणि भिंग जागचं हललं, तर जवळचा दगड लांबच्या शेतापुढून सरकतो. बोट डोळ्यांपुढे धरून एकेक डोळा मिटून बघा. आमच्या पहिल्या फोटोत शहर बिनचूक जुळलं, पण तटाचा एकच चिरा दोन ठिकाणी आला. पुढच्या रविवारी पुन्हा गड चढलो, तिवईवर कॅमेरा मागे सरकवून भिंग बरोबर फिरण्याच्या आसावर आणलं, आणि तटापासून चार पावलं लांब उभा राहिलो.