जुन्या व्हिडिओ गेम फ्रँचायझींची किंमत

एखादी गेम सिरीज जुनी झाली, नवीन भाग यायचा थांबला, कधी तर बनवणारी कंपनीच बुडाली, तरी त्या सिरीजचे हक्क विकले जातात, आणि घेणारा त्यासाठी जे मोजतो ती तिची किंमत. हातात काय पडतं, तर नावाचा ट्रेडमार्क, कॉपीराइट, जुने गेम विकत राहायचा हक्क, आणि नशीब असेल तर सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्राम.

पक्का हिशोब फक्त एकाच गोष्टीचा लागतो, ते म्हणजे स्टीम, गॉगसारख्या ऑनलाइन स्टोअरवर जुने गेम अजून किती खपतात. नाव लोकांच्या डोक्यात किती टिकलंय हा सगळा अंदाज, आणि खरं सांगायचं तर विकणारा किती अडचणीत आहे यावरच बरंचसं ठरतं.

सगळ्यात गाजलेला सौदा फॉलआउट या गेम सिरीजचा. ती ज्यांच्याकडे होती ती इंटरप्ले कंपनी पैशाच्या अडचणीत होती, बेथेस्डा या दुसऱ्या गेम कंपनीने २००४ मध्ये आधी पुढचा गेम बनवायचं लायसन्स घेतलं आणि २००७ मध्ये अख्खी फ्रँचायझीच ५७.५ लाख डॉलरला उचलली, पुढच्याच वर्षी फॉलआउट ३ काढला. एक मेख मात्र राहिली होती, ऑनलाइन फॉलआउट बनवायचा हक्क अटी घालून इंटरप्लेकडेच ठेवला होता, त्यावरून कोर्टकचेरी झाली आणि २०१२ मध्ये बेथेस्डाने आणखी २० लाख डॉलर देऊन ते मिटवलं. तरीही स्वस्तातच पडलं म्हणायचं, कारण २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉनची फॉलआउटवरची टीव्ही सिरीज आली तेव्हा कित्येक वर्षं जुने फॉलआउट गेम परत धडाधड विकले गेले. तोवर बेथेस्डाची मूळ कंपनी झेनिमॅक्स मायक्रोसॉफ्टकडे गेली होती, २०२० मध्ये जाहीर झालेली किंमत साडेसात अब्ज डॉलर, अर्थात त्यात डूम आणि एल्डर स्क्रोल्स या गेम सिरीज पण आल्या.

भंगार बाजारात कसं, वजनावर भाव लागतो पण त्यातच एखादी चालू मोटर निघते, तसं टीएचक्यू या गेम कंपनीच्या २०१३ च्या लिलावात झालं. कंपनी दिवाळखोरीत गेलेली. ज्या सिरीजसोबत चालू स्टुडिओ मिळत होता तिला भाव आला: कंपनी ऑफ हीरोज बनवणारा रेलिक सेगाने २.६६ कोटी डॉलरला घेतला, सेंट्स रो वाला व्होलिशन कोख मीडियाने २.२३ कोटीला. नुसत्या नावांचे भाव बघा, होमवर्ल्ड गिअरबॉक्सला १३.५ लाखात मिळालं आणि डार्कसायडर्स, रेड फॅक्शन आणि बरंच काही मिळून नॉर्डिक गेम्सने ४९ लाखात नेलं. हीच नॉर्डिक पुढे टीएचक्यू नॉर्डिक आणि २०१९ मध्ये एम्ब्रेसर झाली. २०२२ मध्ये स्क्वेअर एनिक्सने टूम रेडर, डेउस एक्स, थीफ, वर स्टुडिओ आणि अकराशेच्या आसपास माणसं, सगळं मिळून ३० कोटी डॉलरला दिलं, ते घेणारी पण एम्ब्रेसरच. तेव्हा लोक म्हणाले फुकटात दिलं, पण त्या माणसांचे पगार पण घेणाऱ्यानेच द्यायचे असतात हे कोणी धरत नाही. नाव स्वस्त असतं, नवीन गेम बनवणं महाग. व्होलिशन सुद्धा फिरत फिरत एम्ब्रेसरकडेच आला होता, २०२२ चा नवा सेंट्स रो पडला आणि २०२३ मध्ये स्टुडिओच बंद केला.

म्हणून काही जण नवीन गेमच्या भानगडीत न पडता जुनाच डागडुजी करून विकतात. सिस्टिम शॉक हा गेम बनवणारा लुकिंग ग्लास स्टुडिओ २००० मध्ये बंद पडल्यावर त्याचे हक्क चक्क एका इन्शुरन्स कंपनीकडे गेले होते, जुने गेम परत काढणाऱ्या नाइटडाइव्ह कंपनीने त्यांना गाठून सिस्टिम शॉक २ २०१३ मध्ये परत बाजारात आणला, आणि दहा वर्षांनी खुद्द नाइटडाइव्हच अटारी या गेम कंपनीने घेतली, सुरुवातीचे १ कोटी डॉलर देऊन.

हे दरवेळी जमत नाही. नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर या २००० च्या गेमसाठी पण नाइटडाइव्हने प्रयत्न केला होता, पण अ‍ॅक्टिव्हिजन, वॉर्नर आणि फॉक्स यांच्यापैकी नक्की कोणाकडे काय आहे हेच कागदावर स्पष्ट होईना, त्यामुळे गिऱ्हाईक दारात असून सौदा झालाच नाही.