गायिकेच्या कानातले सात मिलिसेकंद

सोलापुरात यंत्रमाग चालू असलेल्या शेडमध्ये शेजारी उभी असलेली माणसेही मोठ्याने बोलतात. मागांच्या खडखडाटात आपलाच आवाज आपल्याला ऐकू आला नाही की गळा आपोआप जोर लावतो. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये हे दाखवून दिले, म्हणून याला लोंबार परिणाम म्हणतात. रेकॉर्डिंगला उभ्या राहिलेल्या गायिकेचेही हेच होते. हेडफोनमध्ये हार्मोनियम आणि हलगी जोरात असली आणि तिचा आवाज दबला, तर ती ताण देऊन गाते आणि स्वर हलतो. तिचा आवाज फार मोठा दिला तर ती गळा आखडता घेते. टेक बिघडला की सगळे गळ्याला दोष देतात. आधी हेडफोन तपासावा.

आवाजाच्या पातळीइतकाच त्रास उशिराचा असतो. संगणक आवाजाचे नमुने एकेक करून उचलत नाही, ठरावीक रास साठली की उचलतो. ही रास म्हणजे बफर. सेकंदाला ४८,००० नमुने आणि बफर १२८ असेल, तर एक रास साठायला २.६७ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक रास, बाहेर जाताना एक, म्हणजे ५.३. त्यात कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा भाग) आणि ड्रायव्हर (यंत्र संगणकाला जोडणारा प्रोग्रॅम) यांचे दोनेक मिलिसेकंद धरले की एकूण सात-सव्वासात होतात. हवेतून आवाज तेवढ्या वेळात साधारण अडीच मीटर जातो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या हलगीवाल्याचा ठोकाही इतक्याच उशिरा पोचतो आणि लय बिघडत नाही.

मग गायिका ‘आवाज पोकळ येतोय’ असे का म्हणते? तिला स्वतःचा आवाज दोन वाटांनी मिळतो. एक कवटीच्या हाडांतून, जवळजवळ तत्क्षणी. दुसरा हेडफोनमधून, सात मिलिसेकंदांनी. दोन्ही कानात मिसळले की काही कंपनसंख्या एकमेकींना खोडतात. उशीर ७.२ मिलिसेकंद असेल तर पहिला खड्डा सुमारे ६९ हर्ट्‌झवर पडतो, दुसरा त्याच्या तिप्पट, २०८ वर, तिसरा पाचपट, ३४७ वर. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा मध्य षड्ज २०८ हर्ट्‌झच्या आसपासच असतो! म्हणजे जो सा धरून ती गाते, नेमका तोच तिच्या कानात पातळ होतो. हाडांतून येणाऱ्या आवाजाची कला (फेज, म्हणजे लहर कोणत्या टप्प्यावर आहे ते) थोडी वेगळी असल्याने खड्ड्यांची जागा माणसागणिक सरकते, पण पोकळपणा खरा असतो, गायिकेच्या मनाचा खेळ नसतो. तिच्या कानात जाणाऱ्या आवाजाची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून पाहावी. दोन्हींपैकी ज्यात आवाज भरीव वाटेल ती ठेवावी.

खरा उपाय म्हणजे तिचा आवाज संगणकात न फिरवताच कानात देणे. बहुतेक इंटरफेसवर (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या डबीवर) त्यासाठी डायरेक्ट मॉनिटर हे बटण किंवा मिक्सर असतो. ते चालू केले की सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग (आवाज संगणकातून परत ऐकवणे) बंद करायलाच हवे. हे विसरले की दोन्ही आवाज एकत्र येतात आणि वरचा सगळा घोळ पुन्हा सुरू होतो. सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच.

इंटरफेसला किमान चार आउटपुट असतील, तर गायिकेचा मिक्स आपल्यापासून पूर्ण वेगळा करता येतो. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘गायिका’ नावाचा रिकामा ट्रॅक घ्यावा. त्याच्या राउटिंगमध्ये जाऊन मास्टर सेंड (मुख्य मिक्सकडे जाणारी वाट) बंद करावा आणि हार्डवेअर आउटपुट ३/४ जोडावे. मग हार्मोनियम, तंबोरा, तालवाद्ये अशा प्रत्येक ट्रॅकवरून या ट्रॅकला सेंड (आवाजाची एक प्रत) द्यावा. तो मुळात पोस्ट-फेडर येतो, म्हणजे ट्रॅकच्या फेडरबरोबर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणाबरोबर) बदलतो. तो बदलून फेडरला न जुमानणारा प्री-फेडर करावा. हा बदल राहिला तर आपण हार्मोनियम तपासायला फेडर खाली ओढतो आणि ऐन अंतऱ्यात गायिकेच्या कानातला स्वर नाहीसा होतो. क्यूबेस प्रो या सॉफ्टवेअरच्या कंट्रोल रूममध्ये असे चार क्यू मिक्स (कलाकारांच्या कानात द्यायचे मिक्स) आयते मिळतात.

डायरेक्ट मॉनिटरचा आवाज कोरडा असतो आणि कोरड्या आवाजात गायला कुणालाच बरे वाटत नाही. तेव्हा फक्त रिव्हर्बसाठी (आवाजाला दिलेल्या घुमण्यासाठी) गायनाच्या ट्रॅकचे मॉनिटरिंग चालू करून त्याचे मास्टर सेंड बंद ठेवावे, गायिकेच्या ट्रॅककडेही तो पाठवू नये. त्यावरून रिव्हर्बच्या ट्रॅकला सेंड द्यावा, रिव्हर्ब शंभर टक्के ओला, म्हणजे मूळ आवाज न मिसळता, ठेवावा आणि फक्त तोच कानात पाठवावा. रिव्हर्ब दहा मिलिसेकंद उशिरा आला तरी बिघडत नाही, खऱ्या सभागृहातही भिंतीवरून परतणारा आवाज उशिराच येतो.

विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर निवडावा. बफर १२८ वर तडतड आली तर २५६ करावा. मिक्स करताना १०२४ चालेल. मास्टरवर पुढचे पाहून चालणारा लिमिटर (आवाजाची टोके दाबणारा) किंवा लिनिअर-फेज ईक्यू (खर्ज-तीव्र पट्ट्या कमी-जास्त करणारा) राहिला असेल, तर बफर कितीही लहान केला तरी उशीर जात नाही. रेकॉर्डिंगपुरते ते काढून टाकावेत.

भजनी मंडळातल्या गायकांना क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) झेपत नाही, आणि झेपण्याची गरजही नाही. आठ मात्रांच्या भजनी ठेक्याचा लूप गाण्याच्याच वेगाला बसवून कानात दिला की सम आपोआप सापडते. क्लिकचा टोकदार आवाज हेडफोनमधून गळून माइकमध्ये शिरतो, ठेका त्या मानाने कमी बोचतो. कान बंद करणारेच हेडफोन वापरावेत. एका कानावरचा हेडफोन सरकवून गाण्याची सवय असेल, तर मिक्स पूर्णपणे झाकलेल्या कानाकडे पॅन करावा (वळवावा), म्हणजे मोकळ्या बाजूने गळती होत नाही.

तंबोरा हार्मोनियमशी मिळवून घ्यावा, ४४० हर्ट्‌झच्या प्रमाण आकड्याशी नाही. जुन्या पेट्या त्या आकड्यावर क्वचितच असतात. चार कोरसवाल्यांना ३२ ओहमचे चार हेडफोन एकाच जॅकला समांतर जोडले की भार ८ ओहमवर येतो आणि आवाज फाटतो. तिथे स्वतंत्र हेडफोन अ‍ॅम्पच लागतो.

गायिकेच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना सोलापुरी चादरी दुहेरी घडी करून, भिंतीपासून हातभर अंतर सोडून टांगाव्यात. त्या वरच्या पट्टीतली झिलई शोषतात, पण पखवाजाचा घुमारा अडवत नाहीत, त्यामुळे पखवाज शेजारच्या खोलीतच बसवावा. एप्रिल-मेमध्ये टेकपुरता पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून कानातला मिक्स गायिका खोलीत येण्याआधीच तयार असावा. तो जुळवणाऱ्याने तिचाच हेडफोन घालून, तिच्याच माइकपुढे, तिच्या पट्टीत एक लांब सा लावून पाहावा.