गळवाच्या शस्त्रक्रियेनंतर जखम भरणे

त्वचेखाली पू साठून झालेले गळू चिरल्यावर उरणारी जखम सहसा टाके न घालता उघडी ठेवतात. ती तळातून वर भरत येते. आकार, जागा आणि रुग्णाची प्रकृती यांप्रमाणे त्याला काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागतो.

बहुतेक गळवे स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूमुळे होतात. गळवाच्या पुवात हे जिवाणू असतात, हे अॅबरडीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी 1880 मध्ये दाखवले. पुवाच्या पोकळीत रक्तवाहिन्या नसल्याने पोटातून घेतलेले औषध तिथे पुरेसे पोचत नाही. म्हणून चिरा देऊन पू काढणे हाच मुख्य उपचार. सुश्रुतसंहितेत सुजेच्या आम (कच्ची), पच्यमान (पिकत असलेली) आणि पक्व (पिकलेली) अशा अवस्था सांगून कच्चे गळू चिरू नये असे बजावले आहे. पू झाला आहे की नाही हे आजही आधी पाहतात, गरज पडल्यास सोनोग्राफीने. सुजलेल्या, आम्लधर्मी जागेत बधिरतेचे इंजेक्शन नीट लागू पडत नाही, त्यामुळे चिरा देताना दुखते ही तक्रार खोटी नसते.

पू निघताच ठणका ओसरतो आणि इथेच रुग्णाची गफलत होते: दुखणे गेले म्हणजे बरे झालो असे वाटून तो ड्रेसिंगला येत नाही. खरे काम तर पुढे असते. पहिले काही दिवस पातळ, तांबूस स्राव येतो. त्यानंतर तळाशी लालसर, दाणेदार मांसांकुर दिसू लागतात. पट्टी काढताना त्यांतून थोडे रक्त आले तर घाबरू नये, ते जिवंत ऊतीचे लक्षण आहे. मग जखम आकसते आणि कडेने नवी त्वचा सरकते. विहीर बुजवताना भर तळातून पडावी लागते, तसेच हे. वरचे तोंड आधी मिटले तर आत पुन्हा पू धरतो. तोंड उघडे राहावे म्हणून मोठ्या पोकळीत गॉजची बत्ती सैल घालतात. लहान गळवात तिची बहुधा गरज नसते, उलट ती बदलताना दुखते. हायड्रोजन पेरॉक्साइडने रोज धुण्याची सवय नव्या पेशींना बाधते. सलाईन किंवा उकळून कोमट केलेले पाणी पुरते.

मराठवाड्यात अडचण येते ती इथेच. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घरात जखमेसाठी वेगळे पाणी उकळणे सोपे नसते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. तिथे खाडा पडला की पैसे कापले जातात, मग कोपीवरून, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवरून, दवाखान्यात रोज कोण जाणार? अशा रुग्णाला घरच्या माणसाकडून पट्टी बदलून घ्यायला शिकवून पाठवणे, हा कोरड्या सल्ल्यापेक्षा उपयोगी उपाय. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय आणि अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही मोठ्या शस्त्रक्रियेची ठिकाणे असली, तरी साधे ड्रेसिंग जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.

पथ्याचे तर विचारूच नये. ‘आंबट खाल्लं की पू होतो’ म्हणून लिंबू, चिंच, दही बंद करतात. प्रत्यक्षात जखम भरायला लागणारे कोलॅजन हे प्रथिन क जीवनसत्त्वाशिवाय नीट बनत नाही. पेरू, लिंबू, आवळा खावा, सोबत डाळ, शेंगदाणे, अंडी. जखमेवर राख, चुना, तंबाखू लावू नये. तंबाखू खाणेही सोडावे, निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात.

वारंवार गळवे होत असतील तर रक्तातील साखर तपासावी. मधुमेहात जखम रेंगाळते, आणि कित्येकांना आपल्याला साखर आहे हे गळवामुळेच कळते. ताप, पसरणारी लाली किंवा पुन्हा सुरू झालेला ठणका असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवावे. गुदद्वाराजवळचे गळू वेगळे धरावे: अनेक रुग्णांत त्याचे पुढे भगंदर (गुदमार्गातून बाहेरच्या त्वचेपर्यंत पडलेली नळीसारखी वाट) होते, तेव्हा वरून भरलेली जखम पुन्हा पुन्हा वाहते आणि दुसरी शस्त्रक्रिया लागते. एरवी उरलेला व्रण आधी लाल, टणक असतो, वर्षभरात फिका पडतो. त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे 80 टक्क्यांपलीकडे जात नाही.