जुन्या सीएनसीला यूएसबी-पॅरलल केबल का चालत नाही

जुन्या हॉबी सीएनसीवाल्यांचा (सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने कापणारी मशीन) हा प्रश्न सारखा येतो. कॉम्प्युटर गेला, नव्या लॅपटॉपला पॅरलल पोर्टच (जुन्या प्रिंटरचं रुंद सॉकेट) नाही, मग यूएसबी-टू-पॅरलल केबल लावली तर मशीन चालेल का? नाही चालणार, कितीही महागाची घेतली तरी नाही, कारण ती केबल प्रिंटरसाठी असते आणि प्रिंटरला अक्षर थोडं उशिरा मिळालं तरी काही बिघडत नाही. सीएनसीचं मात्र सगळं वेळेवरच चालतं.

3040 टाइपचा राउटर (छोटं टेबलावरचं सीएनसी) घ्या. स्टेपर मोटर एका फेरीत 200 स्टेप घेते, मोटरला करंट देणारा ड्रायव्हर 8 मायक्रोस्टेपवर (प्रत्येक स्टेपचे 8 तुकडे) असला की 1600, स्क्रू एका फेरीत 5 मिमी सरकवतो, म्हणजे मिमीला 320 पल्स (एक पल्स म्हणजे एक मायक्रोस्टेप). मिनिटाला 3000 मिमीने पळवायचं तर सेकंदाला 16,000 पल्स, दोन पल्समध्ये फक्त 62.5 मायक्रोसेकंद. मॅक3 (Mach3, पीसीवरून सीएनसी चालवणारं सॉफ्टवेअर) हे पल्स विंडोजमध्ये खोलवर घुसून, पोर्टच्या पिना थेट वरखाली करून बनवायचं, आणि त्याचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर 64 बिट विंडोजवर चालत नाही. यूएसबी तर डेटा गठ्ठ्याने पाठवते, फुल स्पीडला 1 मिलिसेकंदाची एक फ्रेम, तेवढ्यात आपले 16 पल्स जायला हवेत.

आता पल्स अडकले तर मोटरच्या आत काय होतं बघा, मला हा भाग फार आवडतो. मोटर 600 आरपीएमला आहे, रोटर चुंबकीय क्षेत्राच्या किंचित मागे राहून धावतोय. पल्स थांबले की क्षेत्र जागीच थांबतं, रोटर पुढे जाऊन हेलकावतो आणि तेवढ्यात पल्स पुन्हा पूर्ण वेगाने सुरू होतात. त्याला ते गाठता आलं नाही तर तो घसरतो, पण वाटेल तेवढा नाही! रोटरला 50 दात असतात आणि घसरणं पूर्ण दाताच्या हिशोबातच होतं, एक दात म्हणजे 7.2 अंश, म्हणजे 4 फुल स्टेप, आपल्या स्क्रूवर बरोब्बर 0.1 मिमी. फीडबॅक नसल्यामुळे कंट्रोलरला यातलं काहीच कळत नाही, तो आपला पुढचं कापत राहतो.

म्हणून अपग्रेड करायचं म्हणजे पल्स मोजायचं काम पीसीकडून काढून घ्यायचं. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉगस्रुडने 2009 मध्ये जीआरबीएल हे बोर्डावर चालणारं सीएनसी सॉफ्टवेअर सुरू केलं, ते आर्डुइनो उनो या साध्या छोट्या कंट्रोलर बोर्डावर चालतं. उनोचं घड्याळ 16 मेगाहर्ट्झचं, म्हणजे आपल्या 16,000 पल्ससाठी टायमरने दर वेळी नेमके 1000 टिक मोजायचे, बस. पीसी फक्त जी-कोडच्या (कुठे, किती वेगाने सरकायचं ते सांगणाऱ्या) ओळी पाठवतो, बोर्ड पुढच्या काही हालचाली बफरमध्ये धरून ठेवतो, त्यामुळे लॅपटॉप क्षणभर अडखळला तरी पल्स चालू राहतात. उनोची मर्यादा साधारण सेकंदाला 30,000 पल्स, त्याच्या पुढे जायचं तर 32 बिट बोर्ड घ्या. जुना पीसी आणि पोर्ट शाबूत असेल तर रिअल-टाइम कर्नलवर (वेळ काटेकोर पाळणाऱ्या लिनक्सवर) लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर टाका.

मात्र 32 बिट बोर्ड लावला की अ‍ॅक्युरसी वाढते ही निव्वळ जाहिरातबाजी आहे, स्क्रूचा बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारा ढिलेपणा) कुठल्याच बोर्डाने कमी होत नाही.

मोटरचे ड्रायव्हर कंट्रोलर बोर्डापासून सुटे असतील तर मोटर, पॉवर सप्लाय सगळं तेच ठेवा, फक्त स्टेप, डिरेक्शन, एनेबल आणि ग्राउंडच्या वायरी नव्या बोर्डावर न्या. इमर्जन्सी स्टॉप सॉफ्टवेअरवर सोडू नका, बटणाने ड्रायव्हरची पॉवरच तुटली पाहिजे. मग जीआरबीएलमध्ये `$100=320` (एक्स अ‍ॅक्सिसचे मिमीला पल्स) टाका, डायल गेज (बारीक सरकणं दाखवणारं काट्याचं मापक) लावून झिरो घ्या, अ‍ॅक्सिस फुल स्पीडला बऱ्याच वेळा पुढेमागे पळवा आणि त्याच बाजूने झिरोवर आणा. फरक 0.1 च्या पटीत आला तर स्टेप सुटतायत, अ‍ॅक्सिलरेशन कमी करा. झिरो बरोबर येतोय पण दुसऱ्या बाजूने आणल्यावर 0.03 वगैरे फरक दिसतोय, तर तो बॅकलॅश, मग पाना घेऊन नट आणि बेअरिंगकडे बघा.