रेषा छेदतात का?

परवा एका नातलगांनी मुलीच्या ‘शिकण्याच्या शैली’चा निकाल हौसेनं पाठवला. वीसेक प्रश्न, रंगीत चक्र आणि खाली निदान: मुलगी ‘दृश्य’ गटातली. तिला चित्रं दाखवा, तोंडी समजावत बसू नका. गणित का जमत नाही याचं कोडं सुटल्याचा आनंद त्या निरोपातून नुसता ओसंडत होता.

त्यांना हसण्यात अर्थ नाही. २०१२ साली ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या शिक्षकांना विचारलं, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक जणांचा या शैलींवर विश्वास होता. २००४ मध्ये संशोधकांच्या एका गटानं मोजदाद केली, तर विद्यार्थ्यांचे असे प्रकार पाडणाऱ्या ७१ पद्धती निघाल्या. एकच पोर, निदानं एकाहत्तर.

कुणाला ऐकायला आवडतं, कुणाला पाहायला, हे खरंच आहे. पण आवडीप्रमाणे शिकवलं म्हणून जास्त समजतं का? हे कसं तपासायचं ते मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये स्पष्ट सांगितलं. इथे कागद-पेन्सिल घ्याच.

आडव्या अक्षावर दोन पद्धती मांडा: डावीकडे ‘ऐकवून’, उजवीकडे ‘दाखवून’. उभ्या अक्षावर परीक्षेतले गुण. आता दोन रेषा काढा, एक ‘श्राव्य’ मुलांची, एक ‘दृश्य’ मुलांची. दोन्ही रेषा उजवीकडे चढल्या, तर सगळ्यांनाच दाखवून शिकवावं; ती पद्धतच चांगली. एक जास्त चढली आणि दुसरी थोडीच, तरीही तेच. वेगवेगळ्या मुलांना वेगवेगळं शिकवायचं कारण एकाच आकृतीत मिळतं: एक रेषा चढते, दुसरी उतरते आणि दोघी फुलीसारख्या एकमेकींना छेदतात. पॅशलर यांच्या गटानं तोवरचं संशोधन चाळलं. नेमका असा प्रयोग केलेले अभ्यास मोजकेच होते आणि फुलीचा भरवशाचा पुरावा काही मिळाला नाही. २०१५ मध्ये प्रौढांना एका पुस्तकाचा भाग काहींना ऐकवून, काहींना वाचायला देऊन पाहिलं. पसंती आणि आकलन यांचा मेळ तिथेही बसला नाही.

बोटांच्या ठशांवरून मुलाची शैली सांगणारे तर आणखी पुढचे. ठशांच्या रेघा जन्मापूर्वीच पक्क्या होतात. अपूर्णांक डोळ्यांनी शिकावेत की कानांनी, हे त्यांत कुठून लिहिलेलं असणार? हस्तरेषा पाहणारा निदान पैसे घेताना विज्ञानाचं नाव घेत नाही.

मला मोह पडतो तो वेगळ्याच गोष्टीचा. फुली खरोखर सापडते, पण भलत्याच ठिकाणी. ऑस्ट्रेलियात स्लावा कल्युगा, पॉल चँडलर आणि जॉन स्वेलर यांनी विजेचं काम शिकणाऱ्या उमेदवारांना परिपथाच्या आकृत्या दिल्या. नवख्यांना आकृतीतच लिहिलेलं स्पष्टीकरण उपयोगी पडलं. तेच उमेदवार सरावले, तेव्हा त्यांना स्पष्टीकरणाची अडचण होऊ लागली आणि नुसती आकृती बरी ठरली. माणसं तीच, शैली बदलली म्हणायची का?

कारण कार्यकारी स्मृतीत आहे. मनातली ही हिशेबाची पाटी फार लहान. नव्या, सुट्या गोष्टी तिच्यावर चारेकच मावतात. ‘क्ष वर्ग अधिक ५क्ष अधिक ६ बरोबर शून्य’ हे नवख्या मुलासमोर आलं की चिन्हं, नियम, पुढची पायरी यांतच पाटी भरते आणि शिकायला जागा उरत नाही. सोडवून दाखवलेलं उदाहरण पुढची पायरी शोधण्याचं ओझं उतरवतं. सरावलेल्या मुलीला मात्र ६ दिसताक्षणी २ आणि ३ दिसतात. दीर्घकालीन स्मृतीतून अख्खं गाठोडं येतं आणि पाटीवर एकच जागा घेतं. तिला पायऱ्या वाचायला लावल्या, तर स्वतःची रीत आणि छापलेली रीत ताडून पाहण्यात पाटी फुकट भरते. म्हणून ‘पद्धत’ आणि ‘आधीचं ज्ञान’ यांच्या आलेखात रेषा छेदतात. मुलीला काय आवडतं यापेक्षा तिला आज काय येतं हे विचारायला हवं, आणि त्याचं उत्तर दर महिन्याला बदलतं. रंगीत चक्रात ते कसं मावणार?

प्रेरणेचंही असंच उलटं फिरतं. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये चित्रं काढण्याची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. काहींना चित्राबद्दल प्रमाणपत्र देण्याचं आधीच कबूल केलं, काहींना ते अचानक दिलं, काहींना काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळात, आमिष दाखवलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. कंटाळवाण्या कामात मात्र बक्षिसानं अशी आवड आटत नाही. आटायला तिथे ती असतेच कुठे? आणि ज्यांना प्रमाणपत्र अवचित मिळालं, ती मुलं काहीच न मिळालेल्यांइतकीच रंगांत रमलेली होती.