मॅक्डोनाल्ड खटल्याची मुळं लुइझियानात

ओटिस मॅक्डोनाल्ड 2014 च्या एप्रिलमध्ये गेले. ज्यांच्या खटल्यामुळे शिकागोची पिस्तूलबंदी उठली ते गृहस्थ, अशी त्यांची ओळख सहसा करून दिली जाते. ती खरी आहे, पण अपुरी आहे. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यानंतर मुक्त झालेल्यांना जे हक्क कागदावर दिले आणि पुढच्या काही वर्षांत काढून घेतले, त्यांचा हिशेब या खटल्याच्या निमित्ताने पुन्हा न्यायालयापुढे आला होता. त्यांचं स्मरण करायचं तर ही बाजू आधी सांगायला हवी.

यादवी युद्ध संपताच दक्षिणेतल्या राज्यांनी कृष्णवर्णीयांना जखडणारे कायदे केले. मिसिसिपीच्या 1865 च्या कायद्याने त्यांना परवान्याशिवाय बंदूक बाळगायला मनाई केली. गोऱ्यांच्या टोळ्या मात्र हत्यारबंदच राहिल्या. या सगळ्याला उत्तर म्हणून 1868 मध्ये चौदावी घटनादुरुस्ती आली. तिच्यात दोन तरतुदी लागोपाठ आहेत. पहिली सांगते की नागरिकांचे विशेषाधिकार आणि संरक्षणं कोणत्याही राज्याने कमी करू नयेत. दुसरी सांगते की रीतसर न्यायप्रक्रियेशिवाय कुणाचंही जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेऊ नये. पुढचा सगळा गुंता या दोन तरतुदींभोवतीच आहे.

1873 च्या एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या खाटीकखान्यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या तरतुदीचा अर्थ इतका आकसून टाकला की ती जवळपास निरुपयोगी झाली. त्याच महिन्यात, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्याच कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादातून गोऱ्यांच्या जमावाने न्यायालयाची इमारत राखून बसलेल्या कृष्णवर्णीयांवर तोफ घेऊन हल्ला केला. शरण आलेल्यांनाही मारलं. मेलेल्यांचा आकडा काही डझनांपासून दीडशेपर्यंत सांगितला जातो. मोजक्या आरोपींवर दोष सिद्ध झाला, पण 1876 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही रद्द केला. घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीतली शस्त्र बाळगण्याच्या हक्काची हमी फक्त केंद्राला बांधते, राज्यांना किंवा खासगी जमावाला नाही, असा त्या निकालाचा आशय होता. 1886 मध्ये शिकागोतल्या जर्मन कामगारांच्या सशस्त्र संचलनाच्या खटल्यातही हीच भूमिका कायम राहिली.

मॅक्डोनाल्ड याच लुइझियानात 1933 मध्ये जन्मले. कुटुंब बटाईने शेत कसणारं, भावंडं बारा. सतराव्या वर्षी ते घराबाहेर पडले. पुढे शिकागोत एका विद्यापीठात झाडलोटीच्या कामापासून सुरुवात करून देखभाल अभियंत्याच्या हुद्द्यापर्यंत पोचले आणि शहराच्या दक्षिण भागात मॉर्गन पार्कला घर घेतलं. वस्ती बदलत गेली, टोळ्या आल्या, घर अनेकदा फोडलं गेलं. शिकारीची शॉटगन त्यांच्याकडे होती, पण रात्री अचानक कुणी आत शिरलं तर म्हाताऱ्या माणसाला पिस्तूलच आवरतं, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. ते बंदूकनियंत्रणाकडे झुकणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, हे विसरू नये. शहराने 1982 मध्ये पिस्तुलांची नवी नोंदणी बंद केली होती आणि नोंदणी नसलेलं हत्यार बाळगणं गुन्हा होता.

2008 च्या जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राजधानी वॉशिंग्टनची पिस्तूलबंदी रद्द केली आणि त्याच दिवशी शिकागोविरुद्धचा खटला दाखल झाला. इथे खरी मेख होती. राजधानी केंद्राच्या अखत्यारीत, शिकागो नाही. म्हणजे 1876 चा अडथळा ओलांडणं भाग होतं. मॅक्डोनाल्ड यांच्या वकिलांनी लेखी युक्तिवादात भर दिला तो मेलेल्या पहिल्या तरतुदीवर. बंदूकहक्कासाठी लढणारी एक मोठी संघटना मात्र या आधाराबाबत साशंक होती. तिने युक्तिवादाच्या वेळेत वाटा मिळवला आणि तिच्या वकिलाने रीतसर न्यायप्रक्रियेची मळलेली वाट धरली. सुनावणीत एका न्यायाधीशाने तर विचारलंच, की ही वाट समोर असताना 140 वर्षांचा कायदा उलथायला का सांगता?

28 जून 2010 चा निकाल 5 विरुद्ध 4 असा लागला. मॅक्डोनाल्ड तेव्हा 76 वर्षांचे होते. जिंकणाऱ्या पाचांपैकी चौघांनी दुसरी तरतूद पकडली. मुक्त गुलामांच्या निःशस्त्रीकरणाचा इतिहास त्यांनी विस्ताराने मांडला, पण निकाल पहिल्या तरतुदीवर उभा केला नाही. पाचव्याने, म्हणजे त्या पीठावरच्या एकमेव कृष्णवर्णीय न्यायाधीशाने, वेगळं निकालपत्र लिहून कोलफॅक्सचं नाव घेतलं आणि पहिली तरतूदच खरा आधार असल्याचं सांगितलं. माझ्या मते मॅक्डोनाल्ड यांच्या आयुष्याला न्याय देणारं निकालपत्र तेच होतं. विरोधातल्या चौघांचं म्हणणं होतं की गोळीबाराने पोळलेल्या शहराला आपले नियम ठरवू द्यावेत. त्या म्हणण्यामागे शिकागोतल्या कित्येक आयांचं दुःख होतं, हेही खरंच.

त्यानंतर शहराने काही दिवसांतच नवे नियम आणले: परवान्यासाठी गोळीबाराच्या मैदानावरचं प्रशिक्षण सक्तीचं, आणि तशा मैदानांना शहरात बंदी. अपील न्यायालयाने 2011 मध्ये ही बंदी रोखली. इलिनॉय राज्याला 2013 मध्ये सार्वजनिक ठिकाणी झाकलेलं पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याचा कायदा करावा लागला. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेरचा हक्कही मान्य केला, आणि 2024 मध्ये घरगुती हिंसेमुळे ज्यांच्यावर न्यायालयाचा प्रतिबंध आहे त्यांच्याकडून शस्त्र काढून घेणं वैध ठरवलं.

2020 मध्ये फौजदारी खटल्यात ज्यूरीचं एकमत हवं की नको हा वाद पुन्हा लुइझियानातूनच वर आला. मॅक्डोनाल्ड खटल्यात वेगळं निकालपत्र लिहिणाऱ्या त्याच न्यायाधीशाने पुन्हा पहिल्या तरतुदीचा आधार मांडला. बाकीचे तेव्हाही सोबत आले नाहीत. खाटीकखान्यांचा 1873 चा निकाल आजही रद्द झालेला नाही.